मातीला चिकटतं, म्हणून काय झालं? (रस्त्याकडेची तणनाशकं आणि पहिला पाऊस)



"सर, काही होत नाही. मातीत पडलं की ते निकामी होतं." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ऐकलं असेल, बांधावर ऐकलं असेल, नाहीतर शाळेच्या गेटसमोर पाठीवर पंप घेऊन रस्त्याची कड फवारणाऱ्या माणसाकडून ऐकलं असेल. गंमत म्हणजे हे वाक्य खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही. आज त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहायचं आहे.

परिसर अभ्यासात आपण 'माती' शिकवतो, 'पाणी' शिकवतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या पाठांत शिकवतो. पावसाळ्यात मात्र हे दोन्ही पाठ एकत्र वाहत ओढ्याला जातात. रस्त्याकडेचं तणनाशक हा त्या दोघांमधला तिसरा पाठ समजा.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. ग्लायफोसेट हे सगळ्यात जास्त खपणाऱ्या तणनाशकांपैकी एक. १९७४ साली ते अमेरिकेत बाजारात आलं. ते मातीला घट्ट चिकटतं. याचा पुरावा हवा असेल तर फवारणी करणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा की पंपात गढूळ पाणी चालतं का? तो लगेच नाही म्हणेल. ओढ्याचं गढूळ पाणी वापरलं तर औषध 'लागत नाही', तण मरत नाही. का? कारण पाण्यातले मातीचे बारीक कण पंपातच ग्लायफोसेटला धरून ठेवतात आणि पानात शिरायला ते मोकळं उरत नाही. म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ अधिशोषण म्हणतात, ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला कधीपासून माहीत आहे. त्याला फक्त शब्द माहीत नाही. (मुलांना हा शब्द सांगू नका, पाठ करून विसरतात. 'चिकटणं' पुरेसं आहे.)

आता वर्गात हे कसं दाखवायचं ते सांगतो. आरोग्य उपकेंद्रात मिळणारं जांभळं औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, त्याचे दोन-तीन थेंब बाटलीभर पाण्यात टाका. दुसऱ्या बाटलीत खाण्याचा लाल रंग, अगदी चिमूटभर. दोन्हींत मूठमूठ काळी माती टाका, झाकण लावून मुलांना मनसोक्त हलवू द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून द्या. माती बसली की पहिल्या बाटलीतलं जांभळं पाणी जवळजवळ बिनरंगी झालेलं दिसेल, दुसऱ्या बाटलीतलं पाणी लालच राहील. वरचं पाणी गढूळ असलं तर अजून एक दिवस थांबा. कारण सोपं आहे. काळ्या मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, जांभळ्या रंगाच्या रेणूवर धन, म्हणून ते एकमेकांना धरतात. लाल रंगाच्या रेणूवर ऋण प्रभार, म्हणून माती त्याला जवळ करत नाही.

इथे बरेच जण थांबतात. 'बघा, मातीनं पाणी स्वच्छ केलं!' आणि टाळ्या. कृपा करून थांबू नका. जांभळी बाटली पुन्हा जोरात हलवा आणि त्यातलं गढूळ पाणी पांढऱ्या बशीत ओता. मुलांना विचारा, रंग कुठे गेला? रंग गेलेला नाही. तो मातीच्या पाठीवर बसलेला आहे आणि माती जिथे जाईल तिथे जाणार आहे. माझ्या मते अख्ख्या उपक्रमातली महत्त्वाची गोष्ट ही दुसऱ्यांदा हलवणं आहे.

तणनाशकांमध्येही असेच दोन स्वभाव असतात. पॅराक्वाट, जे दोन दिवसांत गवत जाळून टाकतं, ते जांभळ्या रंगासारखं आहे. त्याच्यावर धन प्रभार असतो, चिकणमातीच्या थरांमध्ये ते असं जाऊन बसतं की वर्षानुवर्षं निघत नाही. (माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हेही पालकांना सांगितलंच पाहिजे.) मका आणि उसात वापरतात ते ॲट्राझिन आणि रुंद पानाच्या तणावर मारतात ते २,४-डी, ही दोन्ही मातीला फारशी धरत नाहीत, ती पाण्यासोबत निघतात. ग्लायफोसेटचं थोडं वेगळं आहे. त्याच्यावर ऋण प्रभार असूनही ते चिकटतं, कारण त्याचा एक भाग फॉस्फेटसारखा असतो आणि तो मातीतल्या लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना धरतो. कोकणातल्या तांबड्या जांभ्याच्या मातीत लोह-ॲल्युमिनियम भरपूर, म्हणून तिथे त्याला बसायला जागा जास्त. देशावरच्या काळ्या मातीचा सामू जास्त असतो, तिथे त्याची पकड तुलनेनं सैल पडते. शेतात डीएपी किंवा सुपर फॉस्फेट भरपूर टाकलेलं असेल तर त्याच जागांवर फॉस्फेट आधीच येऊन बसलेलं असतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं म्हणा.

आणखी एक गैरसमज आपण शिक्षकच पसरवतो. जे जास्त विरघळतं ते जास्त वाहतं, असं आपण सहज सांगून जातो. पण एका लिटर पाण्यात ॲट्राझिन जेमतेम ३३ मिलिग्रॅम विरघळतं आणि ग्लायफोसेट दहा ग्रॅमच्या वर. तरीही मातीतून झिरपत विहिरीपर्यंत जायची सवय ॲट्राझिनला जास्त आहे. विरघळणं वेगळं आणि मातीनं धरणं वेगळं. कोण कुठे जाणार हे ठरवताना दुसरी गोष्टही तितकीच मोजावी लागते.

आता थोडं गणित, सहावीतलं गुणोत्तर. एक किलो माती आणि एक लिटर पाणी यांच्यात रसायनाची वाटणी कशी होते, याचं एक गुणोत्तर शास्त्रज्ञ मोजतात. ॲट्राझिनचं ते बहुतेक मातीत एकाच्या आसपास किंवा थोडं वर असतं. ग्लायफोसेटचं मातीनुसार काही दहापासून काही शेकड्यांपर्यंत जातं. आपण हिशेबाला सोपं म्हणून शंभर धरू. म्हणजे एका लिटर पाण्यात १ भाग असेल तर एका किलो मातीवर १०० भाग. ऐकायला किती छान वाटतं! शंभरातला एकच भाग पाण्यात. दुकानदाराचं म्हणणं बरोबर निघालं.

पण आता जोराचा पाऊस येऊ द्या. रस्त्याच्या कडेवरून चहासारखं पाणी वाहतंय आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये १० ग्रॅम माती आहे, म्हणजे साधारण दोन चमचे. १० ग्रॅम हा किलोचा शंभरावा भाग. त्या मातीवर १०० चा शंभरावा भाग, म्हणजे १ भाग ग्लायफोसेट. पाण्यात विरघळलेलं १, गाळावर बसलेलं १. जेवढं पाण्यातून गेलं तेवढंच मातीच्या पाठीवर बसून गेलं. लिटरला ५० ग्रॅम गाळ असेल तर गाळावरचं पाचपट. हाच हिशेब ॲट्राझिनचा करा, गुणोत्तर १ धरून. गाळावर फक्त ०.०१ भाग, बाकी सगळं पाण्यात. मुलांकडून हे फळ्यावर करून घ्या. 'चिकटतं' याचा अर्थ 'जात नाही' असा नसून 'दुसऱ्या गाडीनं जातं' असा आहे, हे त्यांना आकड्यांवरून आपोआप कळतं.

या दोन गाड्यांचा फरक घरातही कळतो. हंड्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि गाळावर बसलेलं बरंचसं त्याच्यासोबत बसतं. ॲट्राझिनचं तसं नाही. वरचं नितळ पाणी बघून आपण समाधानी होतो आणि ते त्याच पाण्यात असतं. उकळल्यानं जंतू मरतात, ॲट्राझिन नाही.

शेतात एक वेळ मातीच्या भरवशावर राहता येईल. तिथे माती खोल असते, भुसभुशीत असते, शेणखत पडलेलं असतं, पाणी मुरतं, आणि जिवाणू काही आठवड्यांत-महिन्यांत ग्लायफोसेट फोडत जातात (त्यातून एएमपीए नावाचं एक दुसरं रसायन तयार होतं आणि ते जास्त दिवस टिकतं, पण असो). रस्त्याची साइडपट्टी मात्र शेत नाही. तिथे मुरूम टाकून रोलर फिरवलेला असतो. मुरूम म्हणजे जाड खडे, चिकणमाती थोडी आणि सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नाहीच. चिकटायला जागा कमी, पाणी मुरायला जागा त्याहून कमी. शेजारी डांबर, त्यावरून एक थेंब मुरत नाही, सगळं पाणी कडेवर धावून येतं. फवारणाऱ्याचा नोझल थोडा इकडेतिकडे झाला की निम्मं औषध डांबरावर, मोरीच्या सिमेंटवर. तिथे तर मातीच नाही, चिकटणार कशाला? आणि साइडपट्टी संपली की लगेच गटार. ते गटार कुठे जातं हे तुमच्या शाळेतल्या मुलांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, कारण ती कागदाच्या होड्या तिथेच सोडतात.

अमेरिकेत ओरेगॉन राज्याच्या पश्चिम भागात १९९९-२००० मध्ये तिथल्या भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेनं हे करून पाहिलं. रस्त्याच्या कडेला तणनाशकं फवारली, त्यात ग्लायफोसेट होतं, डाययुरॉन होतं, सल्फोमेट्युरॉन-मिथाइल होतं, आणि नंतर त्यावर कृत्रिम पाऊस पाडला. कडेवरून निघालेल्या पाण्यात ही रसायनं सापडली, मातीला घट्ट चिकटतं अशी ख्याती असलेलं ग्लायफोसेटसुद्धा. नेदरलँड्समध्ये नद्यांचं पाणी पिण्यासाठी वापरतात. तिथे २०१६ मध्ये फरसबंद, डांबरी जागांवर व्यावसायिक तणनाशक फवारणी बंद केली. त्यांच्या रस्त्यांची आपल्या रस्त्यांशी तुलना करायची नाही, पण डांबरावरून पाणी तिथेही वाहतं आणि इथेही.

शिवाय आपला पाऊस. तण उगवतं पहिल्या पावसानंतर, म्हणून फवारणी होते जूनच्या शेवटी, जुलैत. म्हणजे वर्षभरात पाणी सगळ्यात जास्त वाहतं त्याच दिवसांत. 'फवारल्यावर चार-सहा तास पाऊस नको' हा नियम सगळे पाळतात, कारण तेवढ्या वेळात औषध पानात शिरतं. पण हा नियम तण मरावं यासाठी आहे, ओढा वाचावा यासाठी नाही. सातव्या तासाला ढग फुटला तर फवारणाऱ्याचे पैसे वसूल झालेले असतात, आणि पानावर, खड्यावर, डांबरावर जे उरलं ते गटारात जातं.

आता मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट. रस्त्याच्या कडेला माती धरून कोण ठेवतं? हरळी. तिची मुळं काढून बघा, एकेक पेर रुजलेलं असतं. ग्लायफोसेट तिला मुळासकट मारतं, तीच त्याची जाहिरात आहे. मग पुढच्या सरीला उघडी झालेली माती सुटते, आणि तिच्या पाठीवर तेच औषध बसलेलं असतं. मातीवर भरवसा ठेवून फवारलं आणि मातीला धरणारी मुळंच मारून टाकली! वर सांगितलेलं गणित आठवा. लिटरला १० ग्रॅम गाळाचे ५० ग्रॅम कसे होतात, ते असे. गटारापर्यंत जिवंत गवताचा पट्टा असेल तर पाणी त्यात अडतं, वेग कमी होतो, गाळ तिथेच पडतो. म्हणजे चिकटलेलं औषध अडवायची सगळ्यात स्वस्त गाळणी गवत हीच होती. आणि साइडपट्टी खचून रस्त्याची कड उघडी पडते, त्यावरून मोटारसायकली घसरतात, तो हिशेब वेगळाच.

मी कुणाला खलनायक करत नाही. रस्त्यालगत शेत असलेल्या शेतकऱ्याला कडेचं तण शेतात शिरायला नको असतं आणि मजूर मिळत नाहीत. वळणावर गवत वाढलं की समोरची गाडी दिसत नाही. शाळेजवळ सापाची भीती असते, ती मलाही असते. यावर उत्तर आहे कापणं. ब्रश कटरनं तीन-चार इंच ठेवून कापलं तर वळण दिसतं, साप दिसतो, मूळ जिवंत राहतं. खर्च येतो, दोन-तीनदा कापावं लागतं, हे मान्य. पण पंपाला शंभर मिली औषध स्वस्त वाटतं, कारण ओढ्याचं बिल त्यात धरलेलं नसतं.

गाजर गवताचं मात्र वेगळं बोलायला हवं, कारण 'सर, मग काँग्रेसचं काय करायचं?' हा प्रश्न येणारच. १९५०च्या दशकात पुण्याकडे दिसलेलं हे गवत आज प्रत्येक शाळेच्या कुंपणाला आहे, अंगाला खाज सुटते, दमा असलेल्या मुलांना त्रास होतो. ते फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, मोठ्यांनी हातमोजे घालून मुळासकट उपटावं. मुलांच्या हातानं नाही. त्याला खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये आपल्या देशात सोडले गेले. पावसाळ्यात नीट बघितलंत तर पानांवर ते दिसतील. फवारून त्यांचं अन्न एकदम मारून टाकलं की तेही जातात.

आणि रस्त्याच्या कडेला फक्त तण नसतं. टाकळा असतो, कुर्डू असते. आपल्या पोषण आहाराच्या रानभाजी प्रदर्शनात मुलं जी पिशवी घेऊन येतात, ती बरेचदा तिथूनच भरलेली असते. ग्लायफोसेट मारलेलं झाड पिवळं पडायला आठवडाभर घेतं, तोपर्यंत हिरवंगार दिसतं. भाजी खुडणाऱ्या आजीला आणि शेळ्या चारणाऱ्या पोराला कळणार कसं?

कायदा काय म्हणतो, तेही बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला की ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच व्हावा. तुमच्या गावात प्रत्यक्ष काय चालतं ते तुम्ही बघताच. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, २,४-डीची ३०. ग्लायफोसेटचा आकडा त्या यादीत नाही. युरोपात कुठल्याही एका कीडनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅम, अमेरिकेत ग्लायफोसेटला ७००. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला ते मान्य नाही. तो वाद प्राथमिक शिक्षकानं सोडवायचा नाही. पण आकड्यांचा अंदाज मुलांना द्यायलाच हवा. लिटरला २ मायक्रोग्रॅम म्हणजे १ ग्रॅम ॲट्राझिन पाच लाख लिटर पाण्याला पुरतं. गावाची पाण्याची टाकी पन्नास हजार लिटरची असेल तर तशा दहा टाक्या. एक ग्रॅम म्हणजे किती, ते त्यांना मीठ मोजून दाखवा.

माझी मागणी साधी आहे. जिथे शाळा, अंगणवाडी, विहीर, बोअर, ओढा किंवा मोरी आहे, तिथे रस्त्याच्या कडेला तणनाशक मारायचं नाही, कापायचं. गावभर बंदी मी मागत नाही. शेताचा निर्णय शेतकऱ्याचा. रस्त्याची कड मात्र सगळ्यांची आहे, तिथला निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायला हवा. आणि 'मातीत निकामी होतं' हे कुणी म्हणालं तर वाद घालू नका, ती जांभळी बाटली दाखवा.

वेळ कोणती? ऑगस्टची ग्रामसभा उपयोगाची नाही, तोवर फवारणी होऊन पाणी वाहून गेलेलं असतं. १ मेची ग्रामसभा पकडा. त्या दिवशी आपण झेंडावंदनाला आणि निकालाला शाळेत असतोच, पालकही आलेले असतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आधी बाटल्या दाखवून ठेवा, दोन मुलांकडून गटार ते ओढा असा नकाशा काढून घ्या आणि ग्रामपंचायतीत अर्ज एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात द्या. अर्जात एवढंच लिहा: 'शाळा, अंगणवाडी व पाण्याच्या स्रोतांलगतच्या रस्त्याकडेला तणनाशक फवारू नये, गवत जुलै, ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये प्रत्येकी एकदा मुळे न काढता कापावे, गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे.' सोबत नकाशा जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.